प्रयोगशाळेचीही बेगमी हवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी आज मी विषय घेतला आहे तो रोगांचे संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांना सरकार जे अनुदान देते, त्याचा. तुम्ही म्हणाल, या बाईला ही उठाठेव कशाला? पण भगिनींनो, तो पैसा आपला आहे, आणि साथ आली की पहिली झळ आपल्याच घराला लागते.

आपल्या पुण्यातच पाहा. १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून येथे विषाणू संशोधन केंद्र काढले. १९७८ पासून त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने आजारी पडली. या केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्या तापाचा विषाणू शोधला आणि तो गोचिडीमुळे पसरतो हे दाखवले. त्या वेळी कुणाला वाटले असेल, परमुलखातल्या माकडांवर एवढा खर्च कशाला? पण २०१६ साली तोच माकडताप आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात आला. काजूच्या बागांत राबणाऱ्या आपल्याच माणसांना तो झाला. रोगाचे नाव शोधत बसावे लागले नाही, कारण ते काम साठ वर्षांपूर्वी होऊन गेले होते.

पुढे २०१२ साली पाषाणला अतिघातक विषाणूंसाठी खास प्रयोगशाळा उभी राहिली. तेथील हवा गाळल्याशिवाय बाहेर सुटत नाही, सांडपाणी निर्जंतुक केल्याशिवाय वाहू देत नाहीत, आणि आत काम करणारे हवा पुरवणारा पोशाख घालतात. २०१८ साली केरळात निपाह आला तेव्हा नमुने पुण्यालाच आले. जानेवारी २०२० मध्ये देशातील पहिल्या करोना रुग्णाचा नमुनाही येथेच तपासला गेला. याच संस्थेने विषाणू वेगळा केला, तो हैदराबादच्या भारत बायोटेकला दिला, आणि त्यापासून झालेल्या कोव्हॅक्सिन लशीला जानेवारी २०२१ मध्ये तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. साथ आल्यावर पाया खणायला घेतला असता, तर हे एवढ्या लवकर झाले असते का?

आता मुख्य मुद्दा. इमारतीला पैसा मिळतो. कोनशिला बसते, फोटो निघतात. पण पुढे रोजचा खर्च असतो. वीज एक क्षणही जाऊन चालत नाही, गाळण्या बदलाव्या लागतात, आणि शिकलेली माणसे पगाराविना टिकत नाहीत. आपल्याला हे वेगळे सांगायला नको. एका मंडळाला शिवणयंत्रे देणगीत मिळाली, पण तेल, सुया आणि दुरुस्तीला पैसा कुणी दिला नाही. यंत्रे कोपऱ्यात गंजली. प्रयोगशाळेचेही तसेच होऊ शकते, आणि तेथे नुसते यंत्र गंजत नाही, तर गावेच्या गावे उघडी पडतात.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने आरोग्याच्या पायाभूत सोयींची मोठी योजना सुरू केली. तीत चार नव्या प्रादेशिक विषाणू संस्थांचाही समावेश होता. आनंदाची गोष्ट आहे. परंतु साथ ओसरली की लोकांची आठवणही ओसरते, आणि मग कात्री पहिल्यांदा अशाच खर्चावर चालते.

कुणी म्हणेल, गावात प्यायला पाणी नाही, दवाखान्यात औषध नाही, ते आधी द्या. खरेच आहे, तेही मागायलाच हवे. पण आपण पावसाळ्यापूर्वी बेगमी करतो ती पोटाला चिमटा काढूनच ना?

म्हणून माझी विनंती आहे. मते मागायला उमेदवार दारी येतील तेव्हा नळ आणि रस्ता याबरोबर एवढेही विचारा : नव्या प्रयोगशाळेच्या विजेला, दुरुस्तीला आणि माणसांच्या पगाराला दरवर्षी पैसा ठेवला आहे का? हे विचारायला सातवी पुरेशी आहे.