आगीशी झुंज आणि सक्शन नळीची निवड

(पोशीर, तालुका कर्जत येथे ग्रामस्थांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



भाताची झोडणी आटोपली की पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात. गुरांच्या वर्षभराच्या वैरणीची ती तरतूद. एका ठिणगीने ती तर जातेच, शेजारचा गोठा आणि घरही भस्मसात होऊ शकते. अशा वेळी पंप नदीवर पोहोचतो, पण पाण्याला जोर येत नाही. दोष पंपाला दिला जातो. परंतु तो पुष्कळदा पंपाला पाण्याशी जोडणाऱ्या सक्शन नळीत असतो. मी कलाशाखेचा पदवीधर. तथापि यामागील शास्त्र कोणाही शेतकऱ्यास समजावे इतके सोपे आहे.

पंप पाणी ओढतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः पंप नळीतील दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीवर हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीचा जलस्तंभ पेलू शकतो. माथेरानसारख्या सुमारे ८०० मीटर उंचीच्या ठिकाणी त्यात जवळजवळ एक मीटरची घट होते. व्यवहारात सुमारे ७ मीटरपलीकडे भरवसा ठेवू नये.

भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्याचा आधार पेज नदीला आहे. पोशीर नदीला तो नाही. उन्हाळ्यात डोहातील पाणी खाली जाते आणि हवेच्या दाबाचा मोठा भाग पाणी काठापर्यंत चढविण्यातच खर्च होतो. उरलेला भाग नळीतील घर्षणाने खाऊ नये, यासाठी नळीचा व्यास महत्त्वाचा.

एक हिशेब पाहू. मिनिटाला ९०० लिटर पाणी ७५ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून सेकंदाला सुमारे ३.४ मीटर वेगाने धावते. १०० मिलिमीटरच्या नळीतून केवळ १.९ मीटर वेगाने. व्यासातील फरक थोडा. पण अरुंद नळीत घर्षणाने होणारी हानी सुमारे चौपट असते.

मग सर्वांत मोठी नळी घ्यावी काय? नाही. १५० मिलिमीटरच्या नळीत दर मीटरला सुमारे १८ लिटर पाणी मावते. ती उचलणे जड आणि तिच्यातील हवा काढण्यास वेळही अधिक. म्हणून नळी पंपाच्या मुखापेक्षा लहान कधीच नसावी. लागणारे पाणी, चढाव आणि लांबी पाहून गरजेपुरतीच मोठी घ्यावी.

नळी तारेच्या वेटोळ्यांची, न चेपणारी हवी. सांध्यांतील रबरी वायसर शाबूत असावेत. नळीला मध्येच उंचवटा नसावा. जाळी पाण्यात पुरेशी बुडालेली, तरी गाळापासून वर असावी.

माझी विनंती एवढीच, की होळीपूर्वी गावकऱ्यांनी डोहापाशी जाऊन काठ ते पाणी हे अंतर मोजावे, पंप नेण्याची वाट मोकळी करावी आणि एकदा पाणी खेचून पाहावे. आग लागल्यावर मोजमाप करण्यास सवड मिळत नाही.