तीन मिनिटांची लावणी

दौंड-पुणे शटलमध्ये उभं राहून ऐकताय की शिरूरच्या स्टँडवर? कुठेही असा, आज एकच प्रश्न: गाणं साधारण तीन-चार मिनिटांचंच का असतं?

दौंड तालुक्यातलं आपलं चौफुला घ्या. तिथल्या कलाकेंद्रात बैठकीची लावणी ऐकली असेल, तर एकच ओळ बाई किती वेळा घेतात ते ठाऊक असेल. दरवेळी अदा वेगळी, अर्थ वेगळा. तीन मिनिटांत बसवायची तर ओळ दोनदा म्हणा आणि पुढे चला. ही घाई तबकडीनं लावली.

१९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांनी रेकॉर्डिंग केलं, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. समोर कर्णा, आणि मेणाच्या तबकडीवर थेट खाच कोरणारी सुई. चुकलं की मेण बाद, परत पहिल्यापासून. मग मेणावर धातूचा थर चढवून उलटा साचा करायचे आणि त्यानं लाखेच्या तबकड्या छापायचे. छपाई जर्मनीत, हॅनोव्हरला! तिथल्या माणसांना कळावं म्हणून बाई गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. दहा इंची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे. साधारण तीन मिनिटांत जागाच संपली.

१९४८ मध्ये अमेरिकेत एलपी आली. लाखेऐवजी व्हिनाइल, बारीक खाचा, ३३⅓ फेरे, एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त. तिथेही कापणाऱ्या इंजिनियरला हिशोब चुकला नाही. आवाज मोठा केला की खाच जास्त हेलकावते, जागा खाते, वेळ घटतो. आत मध्याकडे तर सुईखालून खाच सावकाश सरकते, बारीक आवाज फाटायला लागतात. ख्यालाला एलपीनं श्वास दिला, हे खरं. पण गाण्यांच्या बाबतीत तोवर आपला कानच तीन मिनिटांचा झाला होता, असं मला वाटतं.

गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर. मैफलीत राग सावकाश फुलवणाऱ्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याच्या मुलाम्याची तांब्याची तबकडी गेली, तिच्यावर त्यांची भैरवी आहे. जास्त मावावं म्हणून ती तबकडी मुद्दाम १६⅔ फेऱ्यांची केली होती. तरी केसरबाईंच्या वाट्याला साडेतीन मिनिटंच, कारण मूळ रेकॉर्डच ७८ ची!

ती भैरवी मोबाईलवर सहज मिळते, ऐका. आणि चौफुल्याला गेलात, तर एका ओळीला किती मिनिटं जातात ते घड्याळ लावून मोजा आणि आम्हाला कळवा.