मोसंब्यावरची भूमिति



खानदेशांतील एका शाळेंत मीं पुष्कळ वर्षें भूमिति शिकविली. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्यामुळें पुस्तकांत छापलें तें अंतिम, अशी माझी समजूत होती. एके दिवशीं भूगोलाचा तास संपला आणि पृथ्वीचा गोल टेबलावरच राहिला. भूमितीच्या तासास एका मुलानें उभें राहून विचारलें, “गुरुजी, या गोलावर त्रिकोण काढला तर त्याच्याही कोनांची बेरीज १८० अंशच येईल का?” मी म्हणालों, “त्रिकोण तो त्रिकोण! खालीं बैस.” तो खालीं बसला, आणि पुढें त्यानें मला कधींच कांहीं विचारलें नाहीं. त्याच्या प्रश्नाचें उत्तर आज देत आहें.

घरांत एकादें मोसंबें असेल तर हातीं घ्या. गोलावरची सरळ रेषा म्हणजे दोन ठिकाणांमध्यें ताणून धरलेला दोरा. देंठापासून निघून मध्यावर, म्हणजे विषुववृत्तावर या. तेथें काटकोनांत वळून पाव फेरी चाला. पुन्हां काटकोनांत वळून देंठाशीं परत जा. तेथेंही काटकोनच झालेला दिसेल. बेरीज २७० अंश! विषुववृत्ताशीं काटकोन करणाऱ्या दोन रेषा पाटीवर कधीं मिळत नाहींत. येथें त्या ध्रुवावर मिळतात.

मग हें आपल्या ध्यानांत कां येत नाहीं? भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायांत याचें मर्म सांगितलें आहे : परिघाचा शंभरावा भाग सपाट भासतो, पृथ्वी फार मोठी व माणूस फार लहान, म्हणून ती त्यास सपाट दिसते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें स्थापिलेल्या मठाचा शिलालेख आपल्या चाळीसगांवजवळच्या पाटण येथें आहे.

जळगांव, धुळें व चाळीसगांव यांचाच त्रिकोण घ्या. क्षेत्रफळ सुमारें २१०० चौरस किलोमीटर. पृथ्वीवर सुमारें १९७ चौरस किलोमीटरांमागें कोनांच्या बेरजेंत एक विकला वाढते; म्हणजे या त्रिकोणांत सुमारें ११ विकला जास्त. एका अंशाच्या विकला ३६००. तेव्हां शेताच्या मोजणींत हा फरक कोणास जाणवणार? परंतु १८०२ सालीं सुरू झालेल्या हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणांत तो हिशेबांत धरावाच लागला.

याच्या उलट प्रकारची भूमितीही आहे. जाड कागदाचे सारख्या बाजूंचे त्रिकोण कापा. एका बिंदूभोंवतीं पांच जोडले तर वाटी होते; सहा जोडले तर सपाट बसतात; सात जोडूं गेलें तर कागद घोड्याच्या खोगिरासारखा वरखालीं होतो. तशा पृष्ठावर कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते, आणि रेषेबाहेरच्या एका बिंदूंतून तिला कधींच न मिळणाऱ्या अनेक रेषा जातात. युक्लिडाच्या मतें अशी रेषा एकच! हंगेरीचा बोल्याइ व रशियाचा लोबाचेव्हस्की यांनीं १८३० च्या सुमारास ही भूमिति स्वतंत्रपणें उभी केली. १८५४ सालीं रीमाननें वक्र अवकाशाचा व्यापक विचार मांडला, आणि १९१५ सालीं आइन्स्टाइननें गुरुत्वाकर्षणाचा उलगडा त्याच पायावर केला.

माझ्या नातवानें मला पोलंडमध्यें निर्माण झालेला ‘हायपररोग’ नांवाचा संगणकावरचा खेळ दाखविला. त्याची भूमि या खोगिरी जातीची. फरशीवर षट्कोन व सप्तकोन बसविलेले. चार पावलें पुढें जावें तों भोंवतालची जागा भराभर वाढते, आणि आलेली वाट किंचित् चुकली कीं मूळ ठिकाण सांपडणें दुरापास्त. मी तीन वेळां हरवलों. नातू हंसत होता. पण पुस्तकांतील शब्दांनीं जें मला कळलें नव्हतें, तें त्या हरवण्यानें कळलें.

शिक्षकबंधूंनो व भगिनींनो, संगणक नसला तरी मोसंबें, दोरा व कागद कोणत्याही शाळेंत मिळतात. “त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश” असें शिकवितांना “सपाट पृष्ठावर” हे दोन शब्द तेवढे जोडा, आणि मुलांस गोल हातांत घेऊं द्या.

तो विद्यार्थी आतां संसारी गृहस्थ झाला असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलें तर त्यास इतकेंच सांगावयाचें आहे : बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता, चूक माझी होती.