‘मागे’ म्हणजे नक्की कुठे?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘मुलांचे मोबाइलवरचे खेळ’ हा विषय मला दिला, तेव्हा मी मोबाइलला नावं ठेवणार असं काहींना वाटलं असेल. तसं नाही.

आमच्या घरातली पाच भावंडं, तीन इथे इंदूरला आणि दोन पुण्याला, व्हॉट्सॲपवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा खेळ काढला. एक जण सूत्रधार, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. टेबलावर लढाईसाठी चौकटींचा कागद असतो, एक चौकट पाच फुटांची. व्हॉट्सॲपवर फक्त शब्द.

तिथेच भांडण झालं. माझा मुलगा सूत्रधार. त्याच्या मांत्रिकाने आगीचा गोळा टाकला. नियमाने तो सगळीकडे वीस फूट पसरतो. पुण्याची पुतणी म्हणाली, “दादा, मी दाराशी होते.” तो म्हणाला, “नाही, तू खांबामागे होतीस.” तिचं पात्र मेलं, ती ग्रुप सोडून गेली. दिवाळीला इथे आली, तरी दादाशी बोलली नाही.

मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, जागेचा वाद म्हटला की आधी कागद बघतो. सगळे मेसेज वाचले. तिने लिहिलं होतं, “मी मागे जाते.” तिला म्हणायचं होतं माघारी, दाराकडे. त्याने वाचलं खांबाच्या मागे. दोघंही खरंच बोलत होते!

मग दोघांना बसवून तीन गोष्टी ठरवल्या.

पहिली, फुटांचा हिशेब सोडायचा. जागेचे भाग पाडायचे : दार, खांब, विहीर. एका भागातले एकमेकांवर तलवार चालवू शकतात. शेजारच्या भागात जायला एक चाल. दर फेरीच्या आधी कोण कुठे, हे सूत्रधाराने लिहायचं.

दुसरी, चालीबरोबर हेतू लिहायचा : “आगीपासून वाचायला खांबाच्या आड जाते.” मग आडोशाचे दोन गुण तिला मिळतात, वाद उरत नाही. शत्रूच्या टप्प्यातून निघताना त्याला एक वार मिळतो, तेव्हा सूत्रधाराने आधी विचारायचं, “वार होईल, तरी जायचं?”

तिसरी, मजकुराचे दोन अर्थ निघाले तर निकाल खेळणाऱ्याच्या बाजूने. आणि भांडायचं असेल तर फोन करून, लिहून नाही.

तिसऱ्या नियमाने पुतणीचं पात्र परत आलं, आणि तीही. आता दर रविवारी खेळ चालतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. माझा मुलगा शाळेत हिंदी आणि इंग्रजी लिहितो. मराठी तो फक्त या खेळात लिहितो, कारण पुण्याच्या बहिणींना तेच हवं असतं. अलीकडे, पलीकडे, आडोशाला, कडेला हे शब्द त्याला मी शिकवले नाहीत. लढाईत अडलं म्हणून त्याने विचारून घेतले. तो ग्रुप बंद पडला असता, तर त्याचं मराठी लिहिणंही थांबलं असतं.

म्हणून विनंती एवढीच, मुलं मोबाइलवर भांडली तर मोबाइल काढून घेण्याआधी काय लिहिलं होतं ते एकदा वाचा.

गणपती बाप्पा मोरया!