पनाम्याची सफर : पूर्ण की अर्धी?

(ज्ञातिमंडळाच्या तानसा येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. शहापूर-मुरबाडच्या माणसाने भातशेतीविषयी बोलावे, मुलींच्या शिक्षणाविषयी बोलावे. पनामा कालव्यातील जहाजाच्या सफरीशी त्याचा संबंध काय, ही शंका रास्त आहे. परंतु आपल्या समाजातील काही घरांतील मुलेमुली आता अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. आईवडील तिकडे गेले म्हणजे त्यांना एखादी जलसफर घडवावी अशी त्या मुलांची हौस असते, आणि अशा सफरींत पनाम्याचे नाव वारंवार निघते. मग माहितीपत्रके येतात. एकावर ‘फुल ट्रान्झिट’ असे छापलेले असते, दुसऱ्यावर ‘पार्शल ट्रान्झिट’. यांपैकी कोणती घ्यावी, हा प्रश्न घराघरांत पडतो. आणि ज्या घरात तो पडतो तेथे तो बहुधा आयुष्यात एकदाच पडतो. निवड चुकली तर पुन्हा जाण्याइतका पैसा, वेळ आणि गुडघ्यांतील बळ आपल्या वयाच्या माणसाजवळ उरत नाही. म्हणून हा विषय मी जाणूनबुजून घेतला आहे.

शिवाय तानसाच्या काठी राहणाऱ्यांस पनामाचा कालवा समजावून सांगणे फार सोपे आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की, दोन समुद्रांमधील जमीन खणून काढली आणि समुद्राचे पाणी आरपार सोडले. सुएझचा कालवा तसा आहे, पनामाचा नाही. फर्दिनंद द लेसेप्स याने सुएझच्या यशाच्या भरात १८८१ साली पनामातही समुद्रसपाटीचा कालवा खणावयास घेतला. पीतज्वर, हिवताप, ढासळणाऱ्या दरडी आणि पैशाची अफरातफर यांपायी ते काम १८८९ मध्ये बुडाले. त्या काळात सुमारे २२ हजार माणसे मेली असा अंदाज आहे. पुढे १९०४ साली अमेरिकनांनी काम हाती घेतले. त्यांनी डोंगर समुद्राइतका खाली नेण्याचा नाद सोडून जहाजच डोंगरावर चढविण्याची युक्ती केली. चाग्रेस नदीवर गातून येथे धरण बांधले, त्यामागे सुमारे ४२५ चौरस किलोमीटरचा जलाशय तुंबला, आणि समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंचीवरच्या त्या गोड्या पाण्यातून जहाजे जाऊ लागली. १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा वाहतुकीस खुला झाला.

म्हणजे पनामाचा कालवा हा मुख्यतः एक धरणाचा तलाव आहे. त्याच्या दोन्ही अंगांस पाण्याच्या पायऱ्या आहेत. त्यांस तिकडे लॉक म्हणतात. एक प्रचंड हौद, त्याला दोन्हीकडे लोखंडी दरवाजे. जहाज आत आले की दरवाजा लागतो, वरच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून हौदात शिरते आणि जहाज उचलले जाते. यात कोठेही पंप नाही. आपल्या तानसाचे पाणी १८९२ पासून जसे आपल्याच ओढीने मुंबईकडे उतरत आले, तसेच तेही उतरते. जुन्या लॉकमधून एक जहाज आरपार गेले की सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्रास मिळते. शहरातील माणसास दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरले, तर एका जहाजापायी जवळजवळ १५ लाख माणसांचे एका दिवसाचे पाणी गेले. २०१६ मध्ये मोठ्या जहाजांसाठी नवीन लॉक खुले झाले. त्यांच्या बाजूस पाणी साठवून पुन्हा वापरण्याचे हौद आहेत, त्यामुळे तेथे काटकसर होते. तरीसुद्धा २०२३ साली पाऊस फसला, तेव्हा दिवसाकाठी जाणाऱ्या जहाजांची संख्या ३६ वरून २४ च्याही खाली आणावी लागली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पूर्ण सफरीत जहाज फ्लोरिडासारख्या अटलांटिक बाजूच्या बंदरातून निघते, कालव्यातून पलीकडे पॅसिफिक महासागरात उतरते आणि मध्य अमेरिका व मेक्सिकोची बंदरे घेत कॅलिफोर्नियात किंवा त्याहूनही उत्तरेस जाऊन थांबते. किंवा याच्या उलट. याला साधारण १४ ते १७ दिवस, कधी अधिकही लागतात. अर्ध्या सफरीत जहाज फ्लोरिडातून निघते, गातूनच्या तीन पायऱ्या चढून तलावात येते, तेथे काही तास नांगर टाकते आणि त्याच पायऱ्या उतरून माघारी फिरते. दहा-अकरा दिवसांत ते निघाल्या बंदरी परत येते. याखेरीज एक तिसरा प्रकार आहे, त्याविषयी सावध असावे. पत्रकावर पनामाचे नाव ठळक असते, पण जहाज फक्त कोलोन बंदराला लागते. कालव्यात शिरतच नाही.

‘अर्धी’ हा शब्द ऐकून आपल्या मनात कमीपणा येतो. अर्धे दर्शन, अर्धा प्रसाद कोणाला हवा? पण हिशेब मांडून पाहा. पूर्ण सफरीत गातूनला तीन पायऱ्या चढावयाच्या, पेद्रो मिगेलला एक उतरावयाची आणि मिराफ्लोरेसला दोन; एकूण सहा. अर्ध्या सफरीत गातूनच्या तीन चढावयाच्या आणि त्याच तीन उतरावयाच्या, तेही सहाच. हौद भरतो कसा, रिता होतो कसा, २६ मीटर उंचीवर जहाज तरंगते कसे, हे सर्व अर्ध्या सफरीतही तितकेच दिसते. ज्याला केवळ हा चमत्कार पाहावयाचा आहे त्याने जास्तीचे पाच-सात दिवस आणि त्यांचे पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

मग अर्ध्या सफरीत काय सुटते? कुलेब्राची खिंड सुटते, आणि माझ्या मते हीच गोष्ट सगळ्यांत मोठी आहे. गातूनचे धरण आणि लॉक ही बुद्धीची कामे होत. कुलेब्रा हे हातांचे काम होय. सुमारे १४ किलोमीटर लांबीचा डोंगर माणसांनी फोडला. खणावे आणि रात्रीतून दरड पुन्हा खाली यावी, असे वर्षानुवर्षे चालले. खणणारे बहुसंख्य मजूर बार्बाडोस, जमैका इत्यादी बेटांवरचे कृष्णवर्णीय होते. अमेरिकन अमदानीत नोंद झालेले मृत्यू ५,६०९. त्यांत बहुतेक हेच. गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्याच्या नाण्यांत आणि या मजुरांचा चांदीच्या नाण्यांत होई. त्यावरून ‘गोल्ड रोल’ आणि ‘सिल्व्हर रोल’ असे दोन वर्गच पडले. त्यांच्या वस्त्या निराळ्या, शाळा निराळ्या, टपालाच्या खिडक्यासुद्धा निराळ्या. पंगतीतील भेद आपल्याला नवा नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले. त्या खिंडीतून जाताना दोन्ही बाजूंस डोंगराच्या कापलेल्या पायऱ्या उभ्या दिसतात. ते पाहावयाचे असेल तर जहाज तलावाच्या पलीकडे गेले पाहिजे.

आपल्यातील एका निवृत्त शिक्षकांची हकीगत सांगतो. मुलीने आणि जावयाने सफरीचा बेत काढला. गुरुजींचे म्हणणे, जायचे तर पूर्ण जायचे, फंडाचे पैसे आणखी कशाला ठेवले आहेत? बाईंचे म्हणणे, “अहो, सतरा दिवस मी पाण्यावर काय करू? मला जमीन दिसल्याशिवाय झोप येत नाही.” अखेर अर्धी सफर ठरली, आणि ते ठीकच झाले. पण तिकीट काढून देणाऱ्याने एक गोष्ट सांगितली नाही. जहाज तलावात थांबते तेव्हा निराळे शुल्क भरून लहान बोटीने किनाऱ्यावर उतरता येते. तेथून मोटारीने आणि दुसऱ्या बोटीने कुलेब्राची खिंड व पॅसिफिककडचे लॉक पाहून सायंकाळी कोलोनला जहाज पुन्हा गाठता येते. त्या जागा आधीच भरून गेल्या होत्या. गुरुजी दिवसभर डेकवर खुर्ची टाकून तलावाकडे पाहत बसले. परत आल्यावर मला म्हणाले, “सभामंडपापर्यंत गेलो हो, गाभारा राहिला.” ज्यांनी अर्धी सफर घ्यावयाची त्यांनी हा दिवसभराचा फेरफटका तिकिटाबरोबरच ठरवावा आणि तो खिंडीतून जातो की केवळ माकडांच्या बेटापर्यंत, हे विचारून घ्यावे.

पूर्ण सफरीची बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांची मुले अमेरिकेच्या दोन टोकांस आहेत, एक फ्लोरिडाकडे आणि एक कॅलिफोर्नियात, त्यांना हीच सोयीची. एका घरून निघावे आणि दुसऱ्या घरी उतरावे. बाकीच्यांनी विमानाचा हिशेब आधी करावा. जाताना एका शहरी उतरणे आणि परतताना दुसऱ्या शहरातून निघणे, यात भाडे पुष्कळदा वाढते. शिवाय पूर्ण सफरी वर्षभर सारख्या नसतात. उन्हाळ्यात अलास्काकडे चालणारी जहाजे शरदात कॅरिबियन समुद्राकडे आणि वसंतात परत उत्तरेस जातात. त्या येण्याजाण्यातच पुष्कळशा पूर्ण सफरी होतात. पनामात पाऊस साधारण मे ते नोव्हेंबर, आणि कोरडे दिवस डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. शरदातील सफर घेणाऱ्याने छत्री बरोबर ठेवावी, एवढेच. आपल्याला मुसळधार पावसाचे भय घालण्याचे कारण नाही.

तिसरी एक वाट मला स्वतःला सगळ्यांत अधिक पसंत आहे. मोठे जहाज घेऊच नये. मायामीहून विमानाने सुमारे तीन तासांत पनामा शहर येते. तेथे चार दिवस राहावे. त्या शहरातून लहान बोटींच्या एका दिवसाच्या सफरी निघतात. त्यांतही पूर्ण आणि अर्धी असे भेद आहेत. गंमत अशी की, येथील अर्धी म्हणजे मोठ्या जहाजाच्या अर्धीच्या नेमकी उलट! गांबोआपासून कुलेब्राची खिंड, पेद्रो मिगेल, मिराफ्लोरेस आणि तेथून पॅसिफिकचे पाणी. शब्द एकच, पण एकात अटलांटिककडचा अर्धा भाग आणि दुसऱ्यात पॅसिफिककडचा. खिंड पाहावयाची असेल तर चार-पाच तासांची ही लहान बोट महिनाभराच्या कमाईच्या जहाजापेक्षा सरस आहे. या बोटींची पूर्ण सफर मात्र महिन्यातून मोजक्याच वेळा असते. तारीख पाहून विमानाचे तिकीट काढावे.

पूर्ण किंवा अर्धी, कोणतेही मोठे जहाज ठरविताना आणखी एक विचारावे : ते जुन्या लॉकमधून जाणार की नव्या? जुन्या हौदांची रुंदी ३३ मीटरच्या थोडी वर आहे. त्यात जहाज दोन्ही भिंतींना जवळजवळ घासून जाते आणि रुळांवरची विजेची इंजिने त्याला दोराने सावरून धरतात. ‘म्यूल’ म्हणजे खेचर हे त्यांचे नाव. नवे हौद ५५ मीटर रुंद आहेत. तेथे इंजिने नाहीत, टग बोटी जहाजाला सांभाळतात. जुने पाहण्यात मौज अधिक आहे. फार अवाढव्य जहाज घेतले तर ती मौज हुकते.

आता कागदपत्रांविषयी, कारण गाडी बहुधा येथेच अडते. जहाज अमेरिकेच्या बंदरातून निघून अमेरिकेच्याच बंदरात परतते. मधल्या काळात आपण देशाबाहेर असतो. म्हणून अमेरिकेचा व्हिसा अनेकवार प्रवेशाचा असला पाहिजे. वाटेतील प्रत्येक देशाचे नियम निराळे आहेत आणि ते बदलतात. जहाज कंपनीकडून आपल्या पासपोर्टासाठी ते लेखी मागवावेत. दुसरी गोष्ट पीतज्वराच्या लसीची. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत पनामा आहे. अशा देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याजवळ लसीचा दाखला लागतो, आणि तो लस टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतो. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात. सफरीनंतर मुलाकडे आठ-पंधरा दिवस राहून मग येणाऱ्यास ही अडचण राहत नाही. पनामाहून थेट मुंबई गाठणाऱ्यास राहते. मात्र साठीनंतर प्रथमच ही लस घेण्यात काही धोका असतो, म्हणून आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय टोचून घेऊ नये. काहींच्या बाबतीत या एका मुद्द्यावरच पूर्ण, अर्धी की घरी, याचा निकाल लागेल! जहाजावरील औषधोपचार अत्यंत महाग असतात, तेव्हा विम्यात समुद्रावरून रुग्णास हलविण्याचा खर्च धरला आहे की नाही तेही पाहावे.

आणखी एक गोष्ट पत्रकात छापलेली नसते, ती सांगून थांबतो. गातूनचा तलाव भरला तेव्हा चाग्रेसच्या खोऱ्यातील गोर्गोना, माताचिन यांसारखी नांदती गावे उठविली गेली. १९१२ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी कालव्याचा पट्टाच लोकवस्तीरहित करण्याचा हुकूम काढला. जहाज नांगर टाकते ते अशा एका खोऱ्यावर. ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवा पनामा देशाच्या हाती आला. आता तलावाचे पाणी जहाजांना आणि शहरांना मिळून पुरत नाही, म्हणून रिओ इंदिओ नदीवर नवे धरण योजिले आहे, आणि त्या खोऱ्यातील शेतकरी गावे सोडण्यास विरोध करीत आहेत. तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी मुंबईस जात असताना ज्या तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या तालुक्यातील माणसाला हे निराळे समजावून सांगावयास नको. जहाजावर वाटाडे येतात, ते ध्वनिक्षेपकावरून हौदांची लांबी-रुंदी सांगतात. त्यांना या गावांविषयी आपण विचारावे. विचारले तर ते सांगतात.

ज्यांना तारखा, व्हिसा किंवा लसीविषयी अधिक विचारावयाचे असेल त्यांनी भोजनोत्तर मला अवश्य भेटावे.