दवाखान्याच्या अदृश्य पायऱ्या

दवाखाना म्हटला की पूर्वी डोळ्यांसमोर एक इमारत उभी राहत असे. तिला पायऱ्या असत, दाराशी रुग्णांसाठी बाक असे आणि आत औषधांचा उग्र वास दरवळत असे. आज या इमारतीचा बराचसा कारभार मोबाइलमध्ये येऊन बसला आहे. डॉक्टरांची वेळ ठरविणे, रक्तलघवीच्या तपासणीचा अहवाल पाहणे, औषधे मागविणे, लसीकरणाचा दाखला काढणे, इतकेच नव्हे तर दूर शहरातल्या डॉक्टरांशी समोरासमोर बोलणे, ही सारी कामे आता ॲपच्या द्वारे होतात. रोग्याची पायपीट वाचली, रांगेतला वेळ वाचला, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. तथापि या नव्या दवाखान्यालाही पायऱ्या आहेत. जुन्या इमारतीच्या पायऱ्या निदान दिसत तरी असत. चाकाच्या खुर्चीतून आलेला मनुष्य पायरीपाशी अडला म्हणजे चार जणांच्या ते ध्यानात येई आणि कोणीतरी हात देण्यासाठी पुढे होई. मोबाइलमधल्या पायऱ्या मात्र कोणालाच दिसत नाहीत. तेथे जो अडतो, तो आपल्या घरात एकटाच अडतो आणि त्याची अडचण इतरांच्या कानावरही जात नाही.

अंध मनुष्य मोबाइल वापरतो तरी कसा, असा प्रश्न कित्येकांना पडेल. आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आणि अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ अशी पडदा वाचून दाखविणारी योजना असते. या दोन्ही सोयी २००९ सालापासून उपलब्ध आहेत. बोट पडद्यावरून फिरू लागले की बोटाखाली जे असेल ते फोन उच्चारून सांगतो आणि हवे ते सापडल्यावर दोनदा टिचकी मारली की ते उघडते. सरावलेला अंध मनुष्य या पद्धतीने पत्रे लिहितो, वर्तमानपत्र वाचतो, पैशांचे व्यवहारही करतो. म्हणजे दृष्टी नसणे हा येथे मूळ अडथळा नव्हेच. खरा अडथळा निराळाच आहे. वाचून दाखविणारी ही योजना चित्रे ओळखून अर्थ लावण्यावर फारशी विसंबत नाही. ॲप तयार करणाऱ्याने प्रत्येक बटणाला, प्रत्येक रकान्याला पडद्याआड जे नाव दिलेले असते, तेवढेच ती मुख्यतः उच्चारते. नाव दिलेलेच नसेल तर ती पुष्कळदा नुसते ‘बटण’ म्हणते. पुढचे बटण, पुन्हा ‘बटण’. त्यांतले एक डॉक्टरांना फोन लावण्याचे असेल, दुसरे ठरलेली वेळ रद्द करण्याचे असेल. डोळस मनुष्याला तेथे फोनचे आणि फुलीचे चित्र दिसते. अंध मनुष्याला मात्र पाट्या पुसून टाकलेल्या दारांची एक रांग लागते.

तपासणीच्या अहवालाची कथा याहून वेगळी नाही. प्रयोगशाळेने कागदाचे छायाचित्र काढून धाडले तर त्यातली अक्षरे डोळ्यांना दिसतात, परंतु वाचक यंत्रणेच्या लेखी ते बहुधा केवळ एक चित्र असते. रक्तातल्या साखरेचा चढउतार नुसत्या आलेखाने दाखविला आणि खाली आकडे दिले नाहीत, तर तो आलेख अंध रुग्णासाठी काढलाच नाही असे म्हणावे लागेल. धोक्याचे मूल्य केवळ तांबड्या रंगाने आणि ठीक असलेले केवळ हिरव्या रंगाने दाखविले, तर ज्याला तांबड्या-हिरव्यातला भेद कळत नाही, असा चांगला डोळस मनुष्यही फसतो.

हे दोष किती महागात पडू शकतात, हे २०२१ च्या उन्हाळ्यात साऱ्या देशाने पाहिले. कोविडच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस होते. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वर्षे वयाच्या नागरिकांना लस खुली झाली. पण प्रारंभी तिच्यासाठी ‘कोविन’ या सरकारी व्यवस्थेवर आगाऊ नोंदणी करून वेळ मिळविणे आवश्यक होते. जागा थोड्या आणि इच्छुक असंख्य, त्यामुळे काही क्षणांत साऱ्या जागा भरून जात. जेथे डोळस आणि चपळ तरुणांचीही तारांबळ उडे, तेथे अंध नागरिकांची काय गत झाली असेल? सर्वोच्च न्यायालयाने साथीच्या काळातील सोयींविषयी आपण होऊन हाती घेतलेल्या प्रकरणात ३१ मे २०२१ च्या आदेशात या अडचणींची यादीच दिली. पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची जी परीक्षा होती, तिला ऐकून उत्तर देण्याचा पर्याय नव्हता. वयोगट, लशीचे नाव, ती मोफत की विकत, अशा निवडीच्या खुणा वाचक यंत्रणेला उमजतील अशा रीतीने मांडलेल्या नव्हत्या. किती जागा शिल्लक आहेत हे अंध मनुष्याला कळे, पण त्या नेमक्या कशाच्या, याचा मेळ लागत नसे. केवळ कळफलकाच्या साहाय्याने संकेतस्थळावर फिरता येत नव्हते. काम पुरे होण्याआधीच मुदत संपून मनुष्य बाहेर टाकला जाण्याचा संभव होता. न्यायालयाने कोविन आणि ‘आरोग्यसेतु’ यांसारख्या व्यवस्थांची अपंगांच्या दृष्टीने तपासणी व्हावी, असे बजावले.

यातली अक्षरे ओळखण्याची परीक्षा विशेष विचार करण्याजोगी आहे. समोर यंत्र आहे की मनुष्य, हे पारखण्यासाठी ती ठेवलेली असते. जो डोळ्यांनी पाहू शकत नाही, तो या परीक्षेत नापास होतो. म्हणजे त्या दारावर त्याची गणना माणसांत होत नाही! कोणाच्या मनात तसे नव्हते, हे खरेच. पण परिणाम तोच झाला.

त्या वर्षी पुढे सुधारणा झाल्या. मे महिन्याच्या अखेरीपासून सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करण्यास मुभा मिळू लागली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना घरी लस देण्याची योजना केंद्र सरकारने जाहीर केली. चुका दुरुस्त होतात, हे समाधान आहेच. परंतु साथीमध्ये चार महिने हा काही लहान अवधी नव्हे, आणि आजार दुरुस्तीची वाट पाहत थांबत नाही.

अडथळे केवळ अंधांपुरतेच आहेत, अशी समजूत करून घेणे चूक ठरेल. कर्णबधिर मनुष्याला ‘आमच्या क्रमांकावर फोन करा’ एवढाच मार्ग दिला तर तो मार्ग त्याच्यासाठी बंदच असतो. व्हिडिओवर आरोग्याची माहिती दिली आणि खाली अक्षरे दिली नाहीत, तर त्याच्यापुढे केवळ हलणारे ओठ उरतात. कंपवाताने ज्याचा हात थरथरतो, त्याला हरभऱ्याएवढ्या बटणावर नेमके बोट ठेवणे जमत नाही. शेजारचे बटण दाबले जाते आणि भलतेच औषध मागविले जाते. ज्याची समज मंद आहे, त्याला बोजड शब्दांचे आणि एकामागून एक उघडणाऱ्या पानांचे जाळे गोंधळात टाकते. चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून डोळ्यांची उघडझाप करा, असे काही व्यवस्था फर्मावतात. ॲसिडच्या हल्ल्यात ज्यांचे डोळे आणि चेहरा होरपळले, त्यांनी ती कशी करावी? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तो प्रामुख्याने बँकांच्या ओळख पडताळणीच्या संदर्भात. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या पीठाने निर्णय दिला की, अशा साधनांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. या निर्णयात न्यायालयाने वीस निर्देश दिले.

‘घरातले कोणी तरी करून देईल की!’ असे सहजपणे म्हटले जाते. मराठी घरांत माया आहे, एकमेकांचे करण्याची रीत आहे, हे कोण नाकारील? पण आरोग्याची गोष्ट इतर कामांसारखी नसते. एखाद्या अंध स्त्रीला आपल्या गर्भारपणाचा अहवाल सर्वांआधी दीराच्या तोंडून ऐकावा लागावा, एखाद्या तरुणाला आपल्या मनाच्या आजाराची औषधे शेजाऱ्याच्या मुलाकडून मागवून घ्यावी लागावीत, हे उचित आहे काय? फोनवर येणारा गुप्त अंक दुसऱ्याला सांगावा लागला की गुप्तता संपलीच. रोग्याचे रहस्य राखणे हे वैद्याचे पुरातन व्रत आहे. ज्या ॲपमुळे रोग्याला आपले रहस्य तिसऱ्याच्या हाती द्यावे लागते, ते ॲप या व्रताचा भंग करते. उपकार घेऊन मिळणारी सेवा आणि हक्काने मिळणारी सेवा यांत हाच तर फरक आहे.

आपल्या प्रदेशाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना यात आणखी एक पायरी चढावी लागते, ती भाषेची. बेळगाव, बडोदे, इंदूर, हैदराबाद येथल्या मराठी घरातल्या वृद्ध आजीला बाजारापुरती तेथली भाषा येते, पण दुखणे सांगावे ते मराठीतच. कोविनवर मराठीसह अनेक भारतीय भाषा आल्या त्या जून २०२१ मध्ये, म्हणजे नोंदणीची धांदल उडाल्यानंतर. आणि भाषा पडद्यावर आली म्हणजे ती कानापर्यंत पोहोचलीच असे नाही. मजकूर मराठी आहे याची खूण ॲपमध्ये नीट दिलेली नसेल, तर फोन देवनागरी अक्षरे इंग्रजी वाणीत भलतीच उच्चारतो किंवा सरळ गाळून पुढे जातो. औषधाच्या मात्रेसंबंधीचे वाक्य अशा रीतीने गळाले, तर अनर्थ ओढवायला वेळ लागणार नाही.

मग यावर उपाय नाही काय? उपाय आहे, आणि तो नवाही नाही. जगभरच्या संकेतस्थळांचे नियम ठरविणाऱ्या ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ या संस्थेने अपंगांना सुलभ ठरतील अशा रचनेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्येच प्रसिद्ध केली. २०१८ च्या आवृत्तीत बोटाने वापरायच्या पडद्यांचा विशेष विचार झाला आणि २०२३ मध्ये आणखी सुधारित आवृत्ती निघाली. त्यातल्या अटी सामान्य मनुष्यालाही समजतील अशा आहेत. प्रत्येक चित्राला व बटणाला शब्दांत नाव द्यावे. साधी अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान ४.५ ला १ एवढे अंतर असावे. अर्थ केवळ रंगाने सांगू नये. मुदत संपणार असेल तर आधी सूचना देऊन ती वाढविण्याची सोय ठेवावी. यातली कोणतीही अट अशक्य नाही. घर बांधतानाच उतार ठेवला तर खर्च नाममात्र होतो. घर पुरे झाल्यावर पायऱ्या फोडायच्या म्हटले तर धूळ उडते आणि पैसाही जातो. ॲपचेही तसेच आहे.

कायदाही आपल्या बाजूला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने इमारती, वाहतूक आणि माहिती-संपर्काची साधने सुलभ असावीत असे सांगितले असून, सेवा देणाऱ्यांना त्यासाठी नियम जाहीर झाल्यापासून दोन वर्षांची मुदत घालून दिली होती. परंतु २०१७ च्या नियमांतील पंधरावा नियम शिफारशीच्या भाषेत होता. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक किमान नियम तीन महिन्यांत तयार करण्यास सरकारला सांगितले. सुलभता ही मर्जीची बाब नव्हे, ती कर्तव्याची बाब आहे, असा या निर्णयाचा आशय आहे.

‘थोड्या लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला,’ असा आक्षेप काही जण घेतात. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत दृष्टीचे आणि श्रवणाचे अपंगत्व असणारे प्रत्येकी पन्नास लाखांहून अधिक होते. ही संख्या थोडी नव्हे. शिवाय आज धडधाकट असलेला मनुष्य उद्या मोतीबिंदूने अधू होतो, परवा घसरून पडतो आणि त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये जातो. म्हातारपण तर कोणाला चुकलेले नाही. ठळक अक्षरे, मोठे बटण आणि सोपी भाषा या सोयी अपंगांसाठी म्हणून केल्या जातात आणि उपयोगी पडतात त्या सर्वांना.

यासाठी काय करता येईल? ॲप तयार करणाऱ्यांनी ते लोकांहाती देण्यापूर्वी अंध, कर्णबधिर आणि हातापायांनी अधू अशा व्यक्तींकडून वापरून पाहावे व त्यांना त्या कामाचा योग्य मोबदला द्यावा. गोव्यात पणजी येथे जानेवारी २०२३ मध्ये ‘पर्पल फेस्ट’ हा अपंगांचा महोत्सव प्रथम भरला. अशा मेळाव्यांत जाऊन बसले तर चार दिवसांत जे शिकता येईल, ते कचेरीत बसून वर्षभरात कळणार नाही. रुग्णालयांनी ॲप आणले म्हणून खिडकीवरचा माणूस काढून टाकू नये; दुसरा मार्ग नेहमी खुला ठेवावा. नागरिकांनी आणि अपंगांच्या संस्थांनी, कोठे अडले ते नेमक्या शब्दांत लिहून संबंधितांना कळवावे, आणि दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जावे. शाळा-महाविद्यालयांत आज संगणक शिकणारे विद्यार्थीच उद्याची ॲप घडविणार आहेत. त्यांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. फोनमधला ‘टॉकबॅक’ चालू करावा, डोळ्यांवर पट्टी बांधावी आणि एखाद्या आरोग्य ॲपवर डॉक्टरांची वेळ ठरविण्याचा यत्न करावा. दहा मिनिटांत त्यांना जे उमगेल, ते कोणत्याही भाषणाने उमगणार नाही.