अमागी : ऋणमुक्तीचा एक प्राचीन शब्द

कर्जाच्या बंधनातून सुटका दर्शविणाऱ्या ज्ञात शब्दांपैकी अतिप्राचीन असा 'अमागी' हा शब्द सुमेरी भाषेतील असून, आजच्या दक्षिण इराकमध्ये सापडलेल्या कीलाकार लिपीतील, म्हणजे ओल्या मातीवर बोरूने खिळ्यासारख्या खुणा उमटवून लिहिलेल्या, लेखांत तो आढळतो. 'अमा' म्हणजे आई आणि 'गी' म्हणजे परतणे. त्यामुळे या शब्दाचा मूळ अर्थ 'आईकडे परतणे' असा होतो.

कर्जाशी आईचा संबंध कसा जोडला गेला, हे तेथील देवघेवीच्या रीतीवरून उमगते. मेसोपोटेमियात, म्हणजे सुमेरी लोक राहत त्या प्रदेशात, विशेषतः पुढील बाबिलोनी काळात, उसन्या जवावर एक-तृतीयांश आणि चांदीवर एक-पंचमांश व्याज रूढ होते. पीक बुडून फेड थांबली, की ऋणकोची मुले किंवा पत्नी धनकोच्या घरी राबावयास जात. लगाश नगराचा राजा एन्मेतेना याने इ.स.पूर्व 2400च्या सुमारास व्याज माफ केले आणि ताटातूट झालेल्या मायलेकरांची भेट घडविली, असे त्याच्या लेखात नोंदले असून, या कृत्याला तेथे 'अमागी' हेच नाव दिले आहे.

मेसोपोटेमियातीलच अक्कादी भाषेत याच अर्थाने 'अंदुरारुम' हा शब्द रूढ झाला. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायदेसंहितेतील 117व्या कलमाने कर्जापायी राबणाऱ्या कुटुंबीयांना तीन वर्षांनंतर, चौथ्या वर्षी, मोकळे करण्याचा नियम घातला. त्याचा वंशज अम्मीसदुका याने तर जव व चांदीची उसनवारी रद्द केली, मात्र व्यापारासाठी घेतलेले भांडवल त्यातून वगळले आणि जन्मतः दास असलेल्यांनाही या सुटकेचा लाभ दिला नाही. हिब्रू धर्मग्रंथातील 'देरोर', म्हणजे पन्नासाव्या वर्षी द्यावयाची मुक्ती, हा शब्द 'अंदुरारुम'शी नाते सांगणारा आहे.

मराठीचे सुमेरीशी कोणतेही कुळसंबंध नाहीत. तरीही संस्कृत 'मातृगृह' या शब्दापासून आलेले आपले 'माहेर' ज्याच्या कानी आहे, त्याला 'अमागी'चा भाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही. या शब्दाने ऋणमुक्तीचे मोजमाप खतावरील रकमेत न करता उंबरठ्यात परतलेल्या माणसात केले. कर्जमाफीच्या कोणत्याही योजनेची पारख करताना हीच कसोटी लावावी : कर्जापायी घर सोडावे लागलेले माणूस घरी परतले काय?